नासक्या आंब्याची उलटतपासणी

सध्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेची एक मोठी बरणी आहे. तिच्यात चार संत्री: एक नासकं, तीन धडधाकट. तिघांपैकी एक नासक्याला टेकवून ठेवलंय, एक लांब, आणि एकाला मी दाभणाने दोन भोकं पाडली आहेत. घरातल्यांच्या मते माणूस निवृत्त झाला की त्याला असले छंद जडतात. माझं म्हणणं, एका म्हणीची चौकशी चालू आहे, निकाल लागेपर्यंत बरणीला कुणी हात लावायचा नाही.

म्हण आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो. शाळेत मागच्या बाकावरच्या दर पोराला ती कधी ना कधी ऐकवलेली असते. पण खरंच नासवतो का? काढणीनंतर फळं-भाज्या नासवणाऱ्या बुरश्यांबद्दल वाचायला लागलो, तेव्हा गंमत कळली. ही म्हण काही बुरश्यांना सोळा आणे लागू पडते, काहींना आठ आणे. आणि ज्या फळावरून ती आली, त्या आंब्याचीच बाजू सगळ्यात लंगडी निघाली.

आरोपी आधीपासून घरातच

पेटी आणली तेव्हा हापूस कसे तुकतुकीत होते. चार दिवसांत पिवळे झाले आणि सालीवर काळे ठिपके उमटले. ठिपक्यांचे डाग झाले, डाग एकमेकांत मिसळले. बागायतदार याला करपा म्हणतात. बुरशीचं नाव कोलेटोट्रिकम. आपण म्हणतो, पेटीत एक खराब निघाला आणि त्याने बाकीच्यांना लावलं. तसं नसतं. ही बुरशी पेटीत शिरतच नाही, ती झाडावरूनच फळासोबत आलेली असते. मोहोर आणि कैरीच्या दिवसांत पाऊस किंवा दव पडलं की पाण्याच्या थेंबातून तिचे बीजाणू फळावर उतरतात, रुजतात, सालीत जेमतेम पाऊल टाकतात आणि तिथेच झोपी जातात. अगदी महिनोनमहिने.

झोपतात, कारण कैरी खमकी असते. तिच्या सालीत आणि चिकात बुरशीला मारक अशी रेसॉर्सिनॉल गटातली रसायनं असतात. फळ पिकू लागलं की ती कमी होतात आणि साखर वाढते. पहारेकरी घरी गेला आणि कोठार भरलं, असा तो मुहूर्त. म्हणजे ज्या आंब्यावर डाग आधी आला, तो फक्त आधी पिकला. बाकीचे त्याच झाडाचे, त्याच पावसात भिजलेले, त्यांच्यातही बुरशी तशीच निजलेली. बिचाऱ्या पहिल्या आंब्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्या बोल लागला. नासक्याच्या अंगातून निघणाऱ्या इथिलीन वायूने शेजारी जरा लवकर पिकतात, एवढाच त्याचा गुन्हा. पण लवकर पिकले म्हणजे त्यांचे डागही लवकर उठणार, म्हणून म्हणीला इथे चार आणे द्यायला माझी हरकत नाही.

कान भिंतीला लावून

फळ पिकलं हे बुरशीला कळतं कसं? याचं उत्तर वाचून मी चहा गार होऊ दिला. फळ पिकताना इथिलीन सोडतं. तो त्याचा स्वतःशी चाललेला निरोप: पिकायला घ्या. 1994 मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी दाखवलं, की कोलेटोट्रिकमचे बीजाणू हाच वायू हुंगतात आणि त्यावरून रुजायला नि सालीवर चढाई करायला सुरुवात करतात. घरातल्या लग्नाची बातमी पाहुण्यांच्या आधी चोराला लागावी, तसं.

आत शिरायचं हत्यारही बघण्यासारखं. बीजाणूतून एक गडद रंगाची गोल पेशी तयार होते, ती सालीला घट्ट चिकटते आणि खालून सुईसारखा कोंभ आत रेटते. भातावरच्या करप्याची बुरशी अशीच पेशी वापरते. तिच्यातला दाब शास्त्रज्ञांनी मोजलाय: सुमारे 80 बार. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवात पस्तीस-चाळीस टायरांची रग!

देठाची गोष्ट

आंब्याचा दुसरा शत्रू देठातून येतो. लासिओडिप्लोडिया हे त्याचं नाव. एका दमात उच्चारता आलं तर शाबासकी. ही बुरशी झाडाच्या फांदीत, देठात गुपचूप नांदत असते, झाडाला फारसा त्रासही देत नाही. फळ काढलं की देठाकडून आत उतरते आणि तिथून तपकिरी, पाणचट सड खाली सरकते. म्हणून कोकणातला जाणता माणूस आंबा ओरबाडत नाही, थोडा देठ ठेवून कापून उतरवतो. देठ ठेवला की चीकही फळावर सांडत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला याचसाठी: काठीच्या टोकाला पातं आणि खाली जाळी, म्हणजे फळ देठासकट कापलं जातं आणि अलगद जाळीत पडतं. उतरवलेले आंबे 52 अंशांच्या गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवले तर सालीतल्या झोपलेल्या करप्यालाही चटका बसतो. त्याहून गरम पाणी केलंत, तर चटका आंब्याला.

आणि हो, हापूस कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा साका निघाला तर बुरशीला शिव्या देऊ नका. साका म्हणजे फळाच्या वाढीतच झालेला बिघाड, त्यात बुरशीचा हात नाही. बाहेरून काहीच दिसत नाही म्हणून आंबेवालाही खरंच निर्दोष असू शकतो. असू शकतो, असं म्हणालो.

हिरवी पूड, शंभर कोटींची

आता बरणीकडे या. नासक्या संत्र्यावर पहिल्या दिवशी डोळ्यांना काही दिसत नव्हतं. बोट लावलं तेव्हा रुपयाएवढी जागा लिबलिबीत लागली, साल दबली आणि दबलेलीच राहिली. दुसऱ्या दिवशी तिथे पांढरी मखमल. तिसऱ्या दिवशी मखमलीच्या मधोमध शेवाळी हिरवा रंग. चौथ्या दिवशी हिरवं वर्तुळ, त्याभोवती पांढरा काठ आणि काठाच्या पुढे ओला, मऊ पट्टा. पांढरा काठ कायम पुढे, हिरवा मागे. पालखीपुढे पताका चालावी तसा. बरणी जरा हलली की हिरवा धूर उठतो. या धुरातला एकेक कण म्हणजे एकेक बीजाणू. असं एक पूर्ण बुरसटलेलं फळ शंभर ते दोनशे कोटी बीजाणू तयार करतं. देशाची लोकसंख्या एका संत्र्यावर!

हिचं नाव पेनिसिलियम डिजिटॅटम. खाण्यापिण्याच्या बाबतीत भलतीच सोवळी. संत्रं, मोसंबं, लिंबू, एवढंच खाते. पण अखंड साल तिला फोडता येत नाही. नख लागलेलं, काटा टोचलेलं, कात्रीचा ओरखडा पडलेलं फळच लागतं. गंमत पुढेच आहे. साल दुखावली की त्यातलं तेल बाहेर येतं, संत्रं सोलताना डोळ्यांत उडतं ना, तेच. झाडाने ते संरक्षणासाठी ठेवलेलं. बऱ्याच बुरश्यांना ते झोंबतंही. या हिरवीचे बीजाणू मात्र त्या वासानेच जागे होतात. फळाची किंकाळी हे तिचं जेवणाचं आमंत्रण.

हिच्याच कुळातली निळी, पेनिसिलियम इटॅलिकम, स्वभावाने वेगळी. हिरवी शेजारच्या फळांना नुसती पूड फासते. निळीची सड मात्र टेकलेल्या फळाची साबूत साल भिजवून आत शिरते आणि पेटीत घरटं केल्यासारखी पसरते. म्हणजे पेटीत निळी असेल तर म्हण खरी, हिरवी असेल तर निम्मी. माझ्या बरणीत हिरवी आहे, तेव्हा टेकवून ठेवलेलं संत्रं वाचेल, अशी मी पैज लावून बसलोय.

इथे म्हण सोळा आणे

म्हणीला पैकीच्या पैकी गुण मिळतात ते द्राक्षाच्या पेटीत. बोट्रायटिस नावाची राखाडी बुरशी एका मण्यात शिरली की मणी तपकिरी होतो, चिमटीत धरला तर साल सुटून हातात येते. मग त्यातून राखाडी तंतू निघतात आणि टेकलेल्या मण्यात, तिथून त्याच्या शेजारच्यात. घडाचा घड गिळतात. दोनशेहून अधिक जातींच्या वनस्पतींवर ही जगते. वनस्पतींना छळणाऱ्या पहिल्या दहा बुरश्या कोणत्या, असा कौल 2012 मध्ये जगभरच्या बुरशीतज्ज्ञांनी दिला. त्यात ही दुसरी आली. पहिली, भाताच्या करप्याची, मघाची टायरवाली. कोलेटोट्रिकम आठव्या नंबरावर. आंबेवाल्यांना ही क्रमवारी पटणार नाही.

हिची खरी खोडी म्हणजे थंडीला दाद न देणं. शून्य अंशालाही ती हळूहळू वाढतच राहते. नाशिकची द्राक्षं थंड कंटेनरमधून युरोपला जातात, प्रवास आठवड्यांचा, आणि सोबत ही बिनतिकिटाची प्रवासी. म्हणून पेटीत घडांवर तो कागद घालतात. घरी आणलेल्या पेटीत तुम्हीही पाहिला असेल आणि उगाच घातलाय म्हणून फेकला असेल. त्याला ग्रेपगार्ड म्हणतात. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. पेटीतल्या दमटपणाने त्यातून थोडाथोडा सल्फर डायऑक्साइड सुटत राहतो आणि बुरशीला मान वर काढू देत नाही. जास्त सुटला तर मणी पांढुरके पडतात; डाव तसा नाजूकच.

आता हीच बुरशी हंगेरीतल्या टोकाईत किंवा फ्रान्समधल्या सोटर्नमध्ये न्या. तिथे सकाळी धुकं आणि दुपारी कोरडं ऊन असलं, की ती वेलीवरच्या मण्यांच्या सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं, मणी मनुक्यासारखा सुरकुततो आणि आत साखर दाटते. त्यापासून बनणारी गोड वाइन जगातल्या महागड्या वाइनांपैकी. तिथल्या लोकांनी या सडीला नावच ‘उमदी सड’ असं दिलंय. नाशिकच्या बागायतदाराला हे सांगून बघा. तो तुम्हाला उमदं काय ते सांगेल.

कांदा-लिंबू, एकाच बुरशीच्या कृपेने

उन्हाळ कांद्याची गोणी सोडली की हाताला काजळी लागते. पापुद्र्याखाली शिरांच्या रेषेने काळी पूड. ही ॲस्परजिलस नायजर. उकाडा आणि दमट हवा तिला मानवते. म्हणून कांदा पातीसकट सुकवायचा, मान नीट वाळू द्यायची, कापताना ती थोडी राखायची आणि चाळीत खालूनही वारा खेळता ठेवायचा, ही सगळी खटपट. मान ओली राहिली की बुरश्यांना तीच वेस.

2021 च्या मे महिन्यात या काजळीने भलताच घोळ घातला. कोविडनंतर म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले होते, त्याला ‘काळी बुरशी’ असं नाव पडलेलं. मग कुणीतरी फोनवरून पुडी सोडली, की कांद्यावरची काळी बुरशी तीच! वास्तविक दोघींचा काही संबंध नाही. म्युकरमायकोसिसमधला काळा रंग बुरशीचा नसून, रक्तपुरवठा तुटून मेलेल्या मांसाचा. कांद्यावरची काजळी असेल तर वरचे पापुद्रे काढा, कांदा धुवा. आतून मऊ पडलेला असेल तर टाका.

आणि तिच्याबद्दल फार वाईट बोलू नका, कारण ढोकळ्यात घालायचं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आज जगात बहुतेक हीच बुरशी बनवते. पूर्वी ते इटलीतल्या लिंबांपासून काढत. 1917 मध्ये जेम्स करी या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने दाखवलं, की साखरेच्या पाण्यावर वाढवली तर ॲस्परजिलस नायजर भरपूर सायट्रिक ॲसिड सोडते. दोनच वर्षांत ब्रुकलिनमध्ये फायझर कंपनीने त्याचं उत्पादन सुरू केलं आणि लिंबांची सद्दी संपली. मिसळीबरोबर कांदा-लिंबू येतं. या बाईंनी दोन्हींची बाजू सांभाळली, एक नासवून, एक बनवून.

कांद्याचा रंग नुसता दिसायला नसतो, हेही जाता जाता. रंगीत कांद्याच्या सुक्या सालीत कॅटेकॉलसारखी रसायनं असतात आणि ती कोलेटोट्रिकमच्याच एका बहिणीला अडवतात. पांढऱ्या कांद्याकडे ते चिलखत नसतं, म्हणून तो तिला बळी पडतो. वनस्पती रसायनाने रोग अडवतात याचं हे सुरुवातीच्या काळातलं ठळक उदाहरण, 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये उलगडलेलं. अलिबागचा पांढरा कांदा वेण्या घालून टांगतात, सगळ्या बाजूंनी वारा लागतो. विस्कॉन्सिनचे शोधनिबंध काही कुणी तिथे वाचले नव्हते.

सर्दीवरचं सफरचंद

सफरचंदावरची निळी बुरशी (संत्र्यावरची निळी नव्हे) पॅट्युलिन नावाचं विष सोडते. ते सडलेल्या भागापुरतं थांबत नाही, शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही झिरपतं, म्हणून डाग कोरून उरलेलं सफरचंद मुलांना देण्याची काटकसर नको. सफरचंदाच्या रसात ते किलोला 50 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असा आपल्याकडेही नियम आहे.

आणि हेच विष एके काळी औषध म्हणून गाजलं होतं! 1943 मध्ये इंग्लंडात बातमी आली, की पॅट्युलिनने सर्दी बरी होते. पेनिसिलिनचे दिवस, लोकांचा बुरशीवर भारी विश्वास. मग सरकारी वैद्यक परिषदेने हजाराहून अधिक सर्दीवाल्यांवर रीतसर चाचणी घेतली. कुणाला खरं औषध, कुणाला औषध नसलेलं नुसतं द्रावण, आणि कुणाला काय ते ना रोग्याला ठाऊक ना डॉक्टरला. निष्कर्ष असा, की उपयोग शून्य. पण अशा दोन्हीकडून डोळे बांधलेल्या चाचण्यांमध्ये ही अगदी सुरुवातीची म्हणून तिचं नाव राहिलं. बुरसट सफरचंदाला मातकट वास येतो ना? तो जिओस्मिनचा. पहिल्या पावसाच्या वासातही तेच असतं.

पळापळ

महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीच्या डब्यात सकाळी सगळं लालचुटूक, संध्याकाळी पांढऱ्या दाढीमिश्या, त्यांच्या टोकांना टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके आणि डब्याच्या तळाशी रस. ही रायझोपस, शिळ्या पावावरची तीच. वेगात हिचा हात धरणारं कुणी नाही, पण पाच अंशांच्या खाली हिचं काही चालत नाही. तेव्हा स्ट्रॉबेरी आणल्या आणल्या फ्रिजमध्ये, आणि धुवायच्या त्या खायच्या वेळी. 1952 मध्ये अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी रायझोपसकडून स्टेरॉइडच्या रेणूत नेमका एक बदल करून घेतला आणि महागडं कॉर्टिझोन स्वस्त झालं. संधिवाताच्या रोग्यांनी स्ट्रॉबेरीच्या डब्याला हात जोडायला हरकत नाही.

केळ्यावर पिकताना येणारे तपकिरी ठिपके बहुधा वयाचे, रोगाचे नव्हेत. घडापासून फणी कापतो त्या गड्ड्याशी काळं पडलं तर मात्र बुरशी. बटाट्याला घाण वास आणि चिकट पाणी सुटलं तर बहुतेक जिवाणू. आणि 1845 पासून आयर्लंडात बटाटा नासवून दहा लाखांच्या आसपास माणसं मारणारा करपा? तो दिसायला बुरशी, पण कुळाने शेवाळ्यांच्या जवळचा.

दोन खरबुजं

1729 मध्ये फ्लॉरेन्सच्या पिएर अँतोनिओ मिकेली याने खरबुजाच्या ताज्या फोडींवर बुरशीची पूड ठेवली. ज्या बुरशीची पूड, तीच बुरशी उगवली. बुरशी आपोआप नाही येत, बीजाणूंपासून येते, हे त्या काळी धाडसाचं विधान. ॲस्परजिलस हे नावही त्याचंच. भिंगाखाली ती त्याला चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायच्या दांडीसारखी दिसली.

दुसरं खरबूज 1943 मधलं, अमेरिकेतल्या पिओरिया गावातलं. महायुद्ध चालू, पेनिसिलिन हवं, पण फ्लेमिंगची बुरशी अगदीच चेंगट, थेंबभर द्यायची. जास्त देणारी बुरशी मिळावी म्हणून सैन्याच्या विमानांनी जगभरची माती गोळा करून आणली. आणि शेवटी सापडली कुठे, तर गावातल्याच फळबाजारात, एका बुरसटलेल्या खरबुजावर. ते खरबूज प्रयोगशाळेतल्या मेरी हंट यांनी आणलं असं सांगतात. बुरशीच्या शोधात त्या बाजार पालथा घालत, म्हणून त्यांचं नावच ‘बुरसट मेरी’ पडलं होतं. जगभरच्या कारखान्यांमधल्या पेनिसिलिनच्या बुरश्या बहुतेक त्या खरबुजाच्या वंशातल्या.

पुण्याशेजारी पिंपरीत 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती पेनिसिलिनसाठीच. तिथल्या संशोधकांनी 1960 च्या दशकात ऑरिओफंजिन शोधलं. ते पिकांवरच्या बुरश्या मारायला वापरतात. बुरशीपासून औषध करायला निघालेल्या कारखान्याने बुरशीवरच औषध काढलं.

आज बरणीचा सहावा दिवस. टोचलेलं संत्रं गेलं, दोन्ही भोकांतून हिरवं. लांबचं जसंच्या तसं. टेकलेल्यावर नुसती पूड. पुसून दाबून पाहिलं, टणक आहे. सोललं तर आतून गोड निघावं. ते कुणी खायचं, यावर घरात सध्या एकमत नाही.